तिघऱ्यावरची थंडी आणि कयाक
आज सकाळी भाच्याबरोबर ग्वाल्हेरजवळच्या तिघरा जलाशयावर कयाकमधून (वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होडीतून) गळ टाकायला गेलो. मात्र धुके विरून पलीकडचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत मी त्याला पाण्यात उतरू दिले नाही. सुती बनियन आणि जीन्सही बदलायला लावली, कारण भिजलेले सुती कापड अंगाची ऊब टिकू देत नाही, लोकर मात्र ओली असूनही थोडीफार ऊब राखते. 'मामा, मला पोहता येतं,' असे म्हणत लाइफ जॅकेट बाजूला ठेवणाऱ्या या पठ्ठ्याला सांगितले की, अतिगार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही आणि पुढच्या दहाएक मिनिटांत बोटे इतकी बधिर होतात की साधा पट्टा आवळणेही जमत नाही. पोहणे तर दूरच. कोरडे कपडे जलरोधक पिशवीत घालून कयाकमध्येच बांधले होते. मासे फारसे लागले नाहीत, तरीही वारा वाढताच आम्ही मुकाट्याने काठ गाठला.