जावरची वांगी

उदयपूरचे तीन दिवस तळी, राजवाडे आणि दुसऱ्यांच्या सेल्फीत लुडबुडण्यात गेले. चौथ्या दिवशी मी हट्टच धरला, जावरला जायचं. दक्षिणेला साधारण 40 किलोमीटर. "खाणी बघायला इतक्या लांब? आपल्या गोव्यात, साखळीत कमी आहेत का?" नवरा म्हणाला. बिनतोड होतं. माझं बालपण साखळीत गेलं, पहिल्या पावसाबरोबर शेतात उतरणारा खाणीचा लाल चिखल बघत. खाणीची माती कशी दिसते, हे मला कोणी शिकवायला नको.

पण जावरला मी पहिल्यांदा बघितली ती घराची भिंत. विटांची नाही, मातीच्या नळकांड्यांची! हातभर लांबीची, एका टोकाला फुगीर, एकावर एक रचलेली. पुढे बकरी बांधलेली. मी फोटो काढायला लागले तशी घरातली म्हातारी हसायला लागली. तिच्या लेखी तो कचरा होता, आणि खरंच कचराच तो.

या मुशी, म्हणजे धातू गाळायची मातीची भांडी. 14 व्या शतकापासून इथे मोठ्या प्रमाणावर जस्त गाळत. जस्ताची गंमत अशी की 907 अंशांना त्याची वाफ होते, आणि खनिजातून ते सुटतं त्याहून जास्त उष्णतेला. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन. हवा लागली की जळून पुन्हा राख. म्हणून खनिजाच्या गोळ्या मुशीत भरायच्या, तोंडाला नळी लावायची, मूस उलटी करायची. गोळ्या पडू नयेत म्हणून नळीत काडी. ती जळली की वाट मोकळी. वर आग, खाली गारवा, आणि वाफ खाली उतरून थिजायची. एका भट्टीत 36 मुशी. रसशास्त्राच्या, म्हणजे पारा आणि धातूंच्या जुन्या विद्येच्या ग्रंथांत हिला ‘वृंताक मूषा’ म्हटलंय. वृंताक म्हणजे वांगं! देठासकट वांगंच दिसतं ते.

आणि प्रत्येक वांगं एकदाच वापरायचं.

म्हणून टीडी नदीच्या काठाने ढीगच ढीग. पायाखाली खापरं कचकचतात. त्यावर मातीच धरत नाही, तर झाडं कुठून धरणार? इथलं खाणकाम 2000 वर्षांहून जुनं. सुरुंग नव्हते तेव्हा खडकाशी लाकडं पेटवून तो तडकवायचे. जुन्या बोगद्यांच्या गुळगुळीत, काजळलेल्या भिंती त्याचीच खूण. म्हणजे खडक फोडायला लाकूड, बोगद्याला टेकू द्यायला लाकूड, भट्टीलाही जळण. समोरच्या डोंगरांकडे बघून मला काही विचारावंसं वाटलं नाही. हाताने काम करणारे खाणवाले निसर्गाला सांभाळून घ्यायचे, असं मी लोकांना ठासून सांगत आलेय. सगळा दोष यंत्रांवर टाकणं सोयीचं होतं.

महाराणा कुंभांची मुलगी रमाबाई हिने 1497 मध्ये बांधलेलं देऊळ बघितलं. सुंदर आहे, पण माझं लक्ष नव्हतं. कारण पर्समध्ये मी एका फुटक्या मुशीचं देठ लपवलं होतं.

गाडीत बसल्यावर नवऱ्याला दाखवलं. तो काही बोलला नाही, ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. अर्धा किलोमीटर मागे गेलो. मी उतरून देठ ठेवलं, पण ज्या ढिगातून उचललं तो हाच का, ते काही केल्या आठवेना.