हरिहरेश्वरची प्रदक्षिणा : कातळ बघायचा तर तिथी बघून निघा

पुण्यातल्या ट्रेकर मंडळींच्या यादीत हरिहरेश्वर सहसा नसतं. गड नाही, बुरूज नाही, घाटवाट नाही. ‘आईबाबांना दर्शनाला नेलं होतं’ एवढ्यावर विषय संपतो. मला मात्र देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या बाजूने वळसा घालणारी ही प्रदक्षिणेची वाट पुण्याहून करता येणाऱ्या चांगल्या भटकंत्यांपैकी एक वाटते. अंतर फार नाही. रेंगाळत, फोटो काढत गेलात तरी दीड-दोन तासांत परत देवळाशी. पण सह्याद्रीत जो दगड माती, गवत आणि झाडीखाली दडलेला असतो, तो इथे उघडा पडलेला दिसतो.

आम्ही आदल्या दिवशी दुपारी पुणं सोडलं. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून निजामपूर, माणगाव आणि पुढे म्हसळा. गाडीने पाच तास धरा, ताम्हिणीत थांबलात तर सहा. म्हसळ्यानंतरचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, तिथे अंधारात गाडी चालवायची वेळ आणू नका. एसटीने जायचं असेल तर श्रीवर्धन गाठून पुढची गाडी किंवा रिक्षा बघावी.

मुक्काम गावातल्या घरगुती खोलीत. जेवणाची वर्दी आधी द्यावी लागते. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगायचं, ऐन वेळी मागितले तर काकू हसतात. याच काकूंनी रात्री ताट वाढताना विचारलं, “उद्या प्रदक्षिणा करणार ना? तृतीया आहे, म्हणजे साडेआठच्या सुमाराला पुरती ओहोटी. साडेसातला दर्शन उरका नि निघा. दहानंतर खाली रेंगाळू नका हो.”

सगळा हिशोब यातच आला. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे पहाटे आणि दुपारी सव्वादोनच्या आसपास पूर्ण भरती. त्यापासून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेआठ. हा आडाखा आहे, थोडंफार मागेपुढे होतं. फोनवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं, तेही बघाच, आणि निघण्याआधी गावात कुणाला तरी विचारा.

आता रविवारी पहाटे पुण्याहून निघून अकरा-बाराला पोहोचणाऱ्यांचं काय होतं ते बघा. अमावास्या किंवा पौर्णिमा असेल तर नेमकी त्याच वेळी भरती, आणि तीही उधाणाची. वाटेचा खालचा टप्पा लाटांखाली असतो. अष्टमीच्या आसपास गेलात तर ओहोटी बाराला सापडते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, पाणी उधाणाच्या ओहोटीइतकं मागे सरत नाही. म्हणून माझा आग्रह मुक्काम करून तृतीया ते पंचमीच्या सकाळचा. संकष्टीला देवळात गर्दी असू शकते, तेवढं धरून चाला.

रिवाज असा की आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. पेशव्यांचं हे कुलदैवत, त्यामुळे पुणेकरांचं येणं-जाणं इथे जुनंच. दर्शन झालं की देवळामागून पायऱ्या चढायला लागायचं. प्रदक्षिणा असल्यामुळे डोंगर कायम उजव्या हाताला, समुद्र डावीकडे. चढ थोडाच आहे. माथ्यावरून पलीकडे उतरणाऱ्या पायऱ्या मात्र उभ्या आहेत आणि दोन कड्यांमधल्या चिरेतून थेट समुद्राकडे जातात. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी काठी न्यावी. पायऱ्यांवर उभं राहून आधी खालचा कातळ बघा. तो लाटांनी भिजत असेल तर मागे फिरा, दुसरा विचार नको. इथून माणसं वाहून गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि अचानक येणारी एखादी मोठी लाट आधी कळवून येत नाही.

खाली उतरलात की घाई करू नका, बघायचं ते इथेच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट. पाताळेश्वराचं लेणं ज्या काळ्या पाषाणात कोरलंय, त्याच कुळातला. फरक एवढाच की तिथे छिन्नीने काम केलं आणि इथे समुद्राने. लाटा कड्याच्या पायथ्याशी आपटून तो पोखरतात, वरचा भाग आधार सुटून कोसळतो, कडा मागे हटतो आणि मागे उरतो हा सपाट कातळाचा ओटा. आपण चालतो तो यावरूनच.

कड्याच्या अंगावर ठिकठिकाणी मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. ती थेट लाटेने होत नाही. खारे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटा करतात. खळगा एकदा पडला की त्यात ओल टिकते आणि तो आणखी खोल होतो. पायाखाली गोल खळगे दिसले तर निघोजचे रांजणखळगे आठवा : अडकलेले गोटे पाण्याबरोबर फिरून दगड कोरतात, नदी असो वा समुद्र. वाटेत गायत्रीतीर्थ, सूर्यतीर्थ अशी तीर्थंही आहेत. बरेच जण एकेका ठिकाणी हात जोडून पुढे सटकतात. जोडा, पण वर कड्याकडेही बघा.

बूट पकड असलेले हवेत. हिरवट शेवाळ दिसेल तिथे पाय टाकू नका, आणि हात टेकताना कालवं बघा, त्यांच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात. अनवाणी प्रदक्षिणेचा नेम असेल तर वेळ आणखी लवकरची धरा, कारण काळा कातळ दहापर्यंत चांगलाच तापतो आणि सावली जवळपास नाहीच. प्रत्येकी लिटरभर पाणी, टोपी. लहान मुलांचा हात सोडायचा नाही. समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढणारे आम्हाला इथेही भेटले. पावसाळ्यात या वाटेचा विचारच करू नका, ऑक्टोबर संपल्यावर ते फेब्रुवारी उत्तम.

वळसा संपतो तो पुळणीवर, आणि तिथून देऊळ समोरच. पोहायचा मोह इथे टाळलेला बरा, सावित्री नदी जवळच समुद्राला मिळते आणि प्रवाह फसवे असतात. दुपार मोकळी असेल तर बागमांडल्याच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून बाणकोटचा किल्ला बघता येतो. परतताना श्रीवर्धनच्या बाजारातून रोठा सुपारी घ्यायची असेल तर तसा वेळ ठेवा, आणि माणगावहून चारच्या आत निघा, म्हणजे ताम्हिणी उजेडात चढून होते.