मंगळागौर स्पर्धेची तयारी: आठवडा सहावा

ट्रॅक लावायचा नाही, गात गातच खेळायचं, हे ठरवून सहा आठवडे झाले. झिम्म्यामागोमाग फुगडी घेतली की दुसऱ्या कडव्याला सगळ्यांचा श्वास संपायचा. त्यावर आता तोड निघाली. फुगडीला उतरलेल्या चौघींनी फक्त पकवा घालायचा, म्हणजे तोंडाने ताल धरायचा, शब्द उरलेल्या आठ जणींनी टाळ्यांवर उचलायचे. बसून घालायच्या बस फुगडीला या चौघी गातात. गाणं आता तुटत नाही.

गेल्या श्रावणातल्या गुणपत्रिका परवा पुन्हा काढल्या. ‘पारंपरिकता’ या एकाच रकान्यात एका परीक्षकाने आम्हाला 10 पैकी 9 दिलेत आणि दुसऱ्यांनी 4. खाली शेरा, ‘प्रेक्षकांकडे पाठ’. तेव्हा मला फार लागलं होतं. आता वाटतं, दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या. मंगळागौर जागवायची ती घरात, माजघरात. तिथे बघणारं वेगळं कुणी नसतं, बघणारीच पुढच्या खेळाला उठते. म्हणून रिंगणात तोंडं आत. रंगमंचावर तेच रिंगण धरलं की निम्म्या जणी पाठमोऱ्या होणारच.

पहिला आलेला गट सुंदर होता, हे मनापासून लिहिते. एकरंगी नऊवाऱ्या, ढोलकीचा ट्रॅक, सगळ्यांचा पाय एका क्षणी पडायचा. पण त्यांची फुगडी आठ गिरक्यांत थांबली, कारण पुढची रचना लागायची होती. फुगडी अशी मोजून थांबवायची नसते. पंजे जुळवून, हात ताठ ठेवून मागे झुकलं की समोरचीचं वजन आपल्या मनगटात येतं, आणि खरी गंमत त्यानंतर सुरू होते. गुणपत्रिकेत याला रकाना नाही. थेट गायनालाही नाही. तो तरी स्वतंत्र असावा, असं मी या वर्षी आयोजकांना लेखी कळवलंय.

घागर मात्र आम्ही खेळांतून काढून टाकली. घागर फुंकणं, म्हणजे घागरीच्या तोंडाशी फुंकून ती घुमवणं, हे नवरात्रातल्या अष्टमीचं, महालक्ष्मीपुढचं. श्रावणातल्या मंगळवारी कशाला, असं एका परीक्षकाने विचारलं होतं. बऱ्याच गटांत घेतात, पण त्यांचं म्हणणं मला पटलं. आमच्यातली सर्वांत मोठी सभासद घागर फुंकायला लागली की हॉलच्या खिडक्यांना कंप सुटतो, त्यामुळे जीवावर आलं. तिच्याकडे आता सुपाचा खेळ दिलाय.

पाठमोरेपणावर उपाय असा: गाण्याला अर्धगोल, फुगडीला पूर्ण रिंगण. अर्धगोलातून रिंगणात शिरताना टाळी चुकत होती, ती गुरुवारी जमली.

राहिला गोफ, म्हणजे वर बांधलेल्या रंगीत पदरांची फेर धरत वेणी विणायची आणि मग ती सोडवायची. मला वाटतं तो दोन्ही प्रकारच्या परीक्षकांना आवडेल, कारण वीण सगळ्यांना दिसते आणि फसवता येत नाही. आठ पदर, चार जणी एका दिशेने, चार उलट्या. एकीला आतून, पुढचीला बाहेरून. विणणं आता डोळे मिटून होतं. सोडवताना काल तिसऱ्या फेरीला हिरवा पदर अडकला. व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, तर आतून जायचं तिथे मीच बाहेरून गेले होते. रविवारी फक्त सोडवणं घेणार आहोत, गाणं न म्हणता, सावकाश.