हिस्सा मागायला माहेरी गेले

पुण्यात, शिवाजीनगरच्या कोर्टात मी दादा, ताई आणि आई या तिघांविरुद्ध वाटपाचा दावा लावला. आईचं नाव प्रतिवादी म्हणून छापलेलं वाचताना पोटात तुटलं. वकीलबाई म्हणाल्या, वाटपाच्या दाव्यात सगळे वारस घ्यावेच लागतात, तो कुणावरचा आरोप नसतो. आईला हे कोण समजावणार?

कोथरूडचा फ्लॅट बाबांनी बँकेचं कर्ज काढून घेतला होता. मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत दादा नॉमिनी, म्हणून घर त्याचंच, असं सगळे धरून चालले होते. तेराव्याला पाहुणे गेल्यावर त्यानं हक्कसोडीचा स्टॅम्प पेपर पुढे केला. ताईनं सही केली. मी केली नाही आणि माझं माहेर तुटलं. पुढं तारखांसाठी नागपूरहून रात्रभर बसनं यायचं, मावसबहिणीकडे अंघोळ करून कोर्ट गाठायचं. कोथरूडला जायची सोय नव्हती.

नॉमिनी मालक नसतो, तो वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो. लोक 2005 च्या दुरुस्तीचं नाव घेतात, पण ती मुख्यतः एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीसाठी आहे. वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. बाबांची आईही वारस ठरली असती, पण आजी आधीच गेली होती, म्हणून आम्हा चौघांना प्रत्येकी पाव. हे किती जणींना ठाऊक असतं?

न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवलं. मध्यस्थ निकाल देत नाहीत, आणि तिथलं बोलणं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळेच आम्ही बोलू शकलो. दादाचा पहिलाच प्रश्न होता, ‘बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेत होतो, तेव्हा हिस्सेदार कुठे होते?’ मी जातीबाहेर लग्न केलं म्हणून मला घरात बोलावणंच नव्हतं. बाबांचं आजारपण मला शेजारच्या काकूंकडून कळलं होतं.

मध्यस्थबाईंनी आकडे बाजूला ठेवायला लावले. आधी दादानं सगळं सांगायचं, मग मी, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. बाबांच्या हातातल्या फिस्टुलाला, म्हणजे डायलिसिससाठी केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडणीला, धक्का लागू नये म्हणून तो रात्री त्यांच्या उशाशी बसायचा. मोजून पाणी द्यायचा, ते जास्त मागायचे तेव्हा त्यांच्या शिव्या खायचा. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी रडले. मग माझ्या लग्नाचं सांगितलं, हॉलमध्ये माझ्याकडच्या रिकाम्या खुर्च्यांचं. दादा खाली बघून म्हणाला, ‘मी यायला हवं होतं. आणि तेराव्याला तो कागद काढायला नको होता.’ त्याची सेवा मोठीच होती. तिनं माझा हिस्सा पुसला जात नाही, एवढंच मला मान्य करून हवं होतं. त्यानं ते केलं.

मग तडजोडीचा मसुदा भराभर ठरला. घर दादाकडे. आईला तिथं तहहयात राहण्याचा हक्क, स्वतंत्र कलमात. माझे पैसे हप्त्यांनी, आणि शेवटचा हप्ता मिळेपर्यंत माझा हिस्सा कायम. सह्या झाल्यावर हे कोर्टात दाखल होऊन त्यावर हुकूमनामा होतो, म्हणून प्रत्येक ओळ वाचून घ्यावी.

राहिली ताई. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. घरी घेतलेल्या त्या सहीची नोंदणी कधी झालीच नव्हती, म्हणजे तिचा पाव हिस्सा शाबूत होता. मध्यस्थबाईंनी तिला विचारलं, ‘तुम्हाला काय हवंय?’ इतक्या काळात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. ती नको म्हणेल असंच आम्ही सगळे धरून बसलो होतो.

‘मलाही माझा हिस्सा हवाय,’ ताई म्हणाली.

दादा काही बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, ‘लिहा तिचंही.’