हिरड्याची शाई आणि मुक्त मूलके

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातून शाळेत येणाऱ्या आम्हा मुलांना हिरडा ठाऊक होता तो उन्हाळ्यात घरात चार पैसे आणणारा बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी वाळलेली फळे, म्हणून. त्यातील रसायनशास्त्र मात्र आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतच प्रथम समजले. विज्ञानाच्या सरांनी हिरड्याच्या काढ्यात हिराकसाचे (लोहाच्या क्षाराचे) पाणी ओतताच तो पाहता पाहता काळाभोर झाला आणि पूर्वी शाई अशीच करीत असत, असे सांगून त्यांनी त्याच शाईने आमच्याकडून वहीत लिहून घेतले.

पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकून वनस्पतींच्या अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना आवरणाऱ्या, गुणांवर काम करू लागल्यावर त्या प्रयोगाची खोली ध्यानात आली. हिरड्याच्या वाळलेल्या फळात सुमारे 30 टक्के टॅनिने, म्हणजे तुरट द्रव्ये, असतात आणि त्यांतील चेब्युलॅजिक व चेब्युलिनिक आम्लांच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी असतात. हे गट लोहाला धरून ठेवतात, म्हणून शाई काळी होते. आणि तेच गट मुक्त मूलकाला, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील कणाला, हायड्रोजनचा अणू देऊन त्याला शांत करतात. शरीरात मोकळे लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की अतिशय विध्वंसक असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते, त्यामुळे लोहाला बांधून ठेवणे हाही अँटिऑक्सिडंट कार्याचाच भाग ठरतो. शास्त्रज्ञ ब्लॉइस यांनी 1958 मध्ये मांडलेल्या, डीपीपीएच हे जांभळे मुक्त मूलक वापरून अँटिऑक्सिडंट गुण मोजणाऱ्या चाचणीत तर हिरड्याचा अत्यल्प अर्कही गर्द जांभळे द्रावण पिवळे करतो.

परंतु परीक्षानळीत रंग बदलला म्हणजे रोग बरा होतो, असा जो प्रचार आज चालतो, तो मला मान्य नाही. टॅनिनांचे मोठे रेणू आतड्यातून जसेच्या तसे रक्तात फारसे जात नाहीत. शिवाय जेवणासोबत घेतल्यास ती अन्नातील लोहही अडवतात, ही गोष्ट रक्तक्षय असलेल्या मुलींच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटाच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण 18 टक्क्यांनी अधिक आढळले. हिरड्याची परंपरागत उपयुक्तता मी नाकारत नाही; ती माणसांवरील काटेकोर चाचण्यांतून तपासली जावी, एवढाच माझा आग्रह आहे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेला एक विनंती आहे: शाईच्या प्रयोगाला आवळ्याच्या रसाची जोड द्यावी. स्टार्च व आयोडीनचे निळे पाणी त्या रसाच्या थेंबांनी, त्यातील क जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटामुळे, रंगहीन होते, आणि यासाठी लागणारे सारे साहित्य प्रयोगशाळेच्या कपाटात असतेच.