भाट्याची खाडी: मे, ऑगस्ट, ऑक्टोबर

प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, नमुने घ्यायची तिसरी फेरी परवा झाली. कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी, आणि काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी. जाळी तीच, स्क्रीन प्रिंटिंगच्या १२० टी कापडाची, भोक साधारण ५० मायक्रॉन. यातून बारीक प्लवक निसटतात, म्हणून लिटरभर न गाळलेलं पाणीही लुगॉल आयोडीन (नमुना टिकवणारं द्रावण) घालून आणतो.

मेमध्ये पाण्याचा खारेपणा दर हजारी ३५ होता. स्लाइडवर कॉसिनोडिस्कस या डायटमच्या (सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशी शैवालाच्या) गोल चकत्या, तीन शिंगांचे एकपेशी सेरॅशियम आणि भरपूर कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या गोतातले इवले प्राणी. जिवंत नमुन्याची बाटली मात्र गाडीत तापली आणि मलकापूर येईपर्यंत कोपेपॉड तळाला जाऊन मेले होते. तेव्हापासून थर्मास नेतो, तोही अर्धाच भरून. आत हवा लागते त्यांना.

ऑगस्टने मला खरं शिकवलं. वरचं पाणी गढूळ, खारेपणा ५, पाण्याची स्वच्छता मोजायला दोरीने सोडलेली पांढरी चकती २५ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली. जाळीत गाळ, पानांचे तुकडे आणि कोल्हापूरच्या रंकाळा तलावात नेहमी भेटणारी गोड्या पाण्यातली शैवालं, सेनेडेस्मस आणि पेडियास्ट्रम. वहीत लिहूनही टाकलं: "पावसाने समुद्री प्लवक धुऊन नेले." होडीवाले मामा म्हणाले, "वरचं पाणी नदीचं, खालचं समुद्राचं. आमची जाळी खाली सोडतो ती उगाच नाही, भाऊ."

मग बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली आणि ३ मीटरवर बूच ओढलं. खारेपणा २८! थेंबात कॉसिनोडिस्कस होता, पिवळसर तपकिरी हरितलवकांनी भरलेला, धडधाकट. गोडं पाणी हलकं, ते जड खाऱ्या पाण्यावर तरंगत होतं आणि मी इतका वेळ फक्त त्या सायीचे नमुने घेत होतो. वहीतलं वाक्य खोडलं.

ऑक्टोबरमध्ये वर २९, चकती दीड मीटरपर्यंत स्पष्ट. आणि थेंब म्हणजे नुसता स्केलेटोनेमा, साखळीने वाढणारा डायटम! पेशीपेशींमध्ये सिलिकाच्या बारीक काड्या, सगळी साखळी कोल्हापुरी साजात ओवलेल्या मण्यांसारखी. पावसाळाभर नदी सिलिका आणि नायट्रेट आणत असते, पण गढुळात उजेड पोचत नाही. गाळ बसला की खुराक आणि ऊन एकदम मिळतं. डायटमना कवचासाठी सिलिका लागतेच, आणि स्केलेटोनेमाला खारेपणातले चढउतार चांगले सोसतात, म्हणून तो आघाडी घेतो. कोपेपॉडच्या पारदर्शक पोटातही तपकिरी रेघ दिसली.

नमुने घेणाऱ्यांनो, भरतीची वेळ सांभाळा. मी तिन्ही वेळा पूर्ण भरतीच्या आगेमागे तासाभरातच पाणी घेतलं. ओहोटीला तीच जागा नदीची होते आणि भरती-ओहोटीतला फरक ऋतूचा म्हणून वहीत उतरतो.

पुढची फेरी फेब्रुवारीत. शांत, तापत्या पाण्यावर भुशासारखा तरंगणारा ट्रायकोडेस्मियम हा नीलहरित जिवाणू मिळतो का ते पाहायचंय. या वेळी पृष्ठभाग, १ मीटर आणि ३ मीटर, तिन्ही बाटल्या पहिल्यापासून.