तोकामाची (निगाता, जपान): भातखाचरं, सोबा आणि डोंगरातली वारली चित्रं

जपानला येणारी आपली बहुतेक मंडळी तोक्यो, क्योतो, ओसाका करून परत जातात, फार तर मध्ये हाकोने नाहीतर हिरोशिमा. छानच आहे ते सगळं, पण एखादी रात्र जरी हाताशी असेल ना तर निगाता प्रांतातलं तोकामाची करा, आणि मराठी माणसाने तर कराच, का ते पुढे येतंय. आम्ही मे महिन्यात गेलो होतो, बर्फ वितळून खाचरांत पाणी भरलेलं असतं तेव्हा.

आधी जायचं कसं ते. तोक्योहून जोएत्सु शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, एचिगो-युझावा, सव्वा ते दीड तास. तिथून होकुहोकु लाइनची छोटी गाडी, एक-दोन डब्यांचीच असते, ती अर्ध्या-पाऊण तासात तोकामाचीला सोडते आणि पुढे दहा मिनिटांवर मात्सुदाई. ही लाइन जेआरची (जपान रेल्वेची) नाही, वेगळ्या कंपनीची आहे, त्यामुळे देशभर चालणारा जेआर पास इथे चालत नाही, सुइका हे प्रवासाचं प्रीपेड कार्डही नाही, म्हणून युझावाला गाडी बदलतानाच कागदी तिकीट काढून घ्या. कॅशही तिथेच काढून ठेवा, खेड्यातल्या छोट्या दुकानांत आणि बसमध्ये नोटा-नाणीच लागतात.

सगळ्यांनी फोटोत पाहिलेली जागा म्हणजे कियोत्सु दरी. जपानच्या तीन मोठ्या दऱ्यांत हिचं नाव घेतात. पूर्वी नदीकाठाने पायवाट होती, १९८८ मध्ये दरड कोसळून एकाचा जीव गेला आणि ती वाट बंद केली, मग १९९६ मध्ये डोंगराच्या पोटातून ७५० मीटरचा बोगदा काढला, म्हणजे लोकांना दरी सुरक्षित बघता यावी. २०१८ मध्ये चीनच्या मॅड आर्किटेक्ट्सने त्या बोगद्याचंच एक कलाकृतीत रूपांतर केलं. शेवटच्या टोकाला जमिनीवर घोट्याएवढं पाणी आहे आणि त्यात समोरची दरी उलटी दिसते, बाकी भिंती चकचकीत धातूच्या, त्यामुळे आपण प्रकाशाच्या एका गोलात उभे आहोत असं वाटतं. माझं मत विचाराल तर तिथे फोटोसाठी रांग लावण्याआधी मधल्या खिडक्यांपाशी थांबा, समोरच्या कड्यावर शिलारस थंड होताना पडलेले षटकोनी खांब आहेत, एकावर एक रचून ठेवल्यासारखे, ते बघण्यात जास्त वेळ घालवावा असं आहे. पाणी बर्फासारखं गार असतं, चप्पल किंवा सहज काढता येणारे बूट घाला. प्रवेशद्वाराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर पाय बुडवून बसायला गरम पाण्याचं कुंड आहे, त्याचा उपयोग परत येताना कळतो. युझावाहून बसने कियोत्सुक्यो-इरिगुचीला उतरायचं आणि साधारण अर्धा तास चालायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं लाल होतात तेव्हा आणि मोठ्या सुट्ट्यांत आधी वेळ बुक करावी लागते, ते बघूनच निघा.

पण तोकामाची म्हणजे फक्त हा बोगदा नाही आणि नुसता तेवढा करून परत तोक्योला पळू नका. इथली खरी गोष्ट शेतीची आहे. तरुण पोरं शहरात गेली, गावांत म्हातारी माणसं राहिली, शाळा बंद पडल्या, डोंगरउतारावरची खाचरं पडीक व्हायला लागली. तेव्हा इथलेच, निगाताचेच असलेले कितागावा फ्राम यांनी २००० साली एचिगो-त्सुमारी नावाचा कला-महोत्सव सुरू केला, साधारण दर तीन वर्षांनी होतो, मागचा २०२४ मध्ये झाला. तोकामाची आणि शेजारचं त्सुनान मिळून ७६० चौरस किलोमीटरमध्ये कलाकृती विखुरलेल्या आहेत, शेतात, रिकाम्या घरांत, बंद शाळांत. महोत्सव नसला तरी त्यातल्या बऱ्याच कायम तिथेच असतात.

मात्सुदाई स्टेशनच्या अगदी पाठीमागे नोबुताई म्हणून इमारत आहे, तिथल्या गच्चीवजा जागेतून समोर नदीपलीकडच्या खाचरांत निळ्या-पिवळ्या माणसांच्या आकृत्या दिसतात, नांगरणारा, पेरणारा, लावणी करणारा, कापणी करणारा. इल्या आणि एमिलिया काबाकोव या कलाकार दांपत्याचं २००० सालचं काम. तुम्ही एका ठरावीक जागी उभे राहिलात की हवेत टांगलेली कवितेची अक्षरं त्या आकृत्यांवर बरोब्बर बसतात. ज्याची ती खाचरं तो शेतकरी वयामुळे शेती सोडायच्या विचारात होता, आणि या कामानंतर तिथली शेती चालू राहिली. मी तिथे खूप वेळ उभा होतो, कारण त्या रंगीत आकृत्यांच्या पायाशी खरोखर भात लावलेला असतो.

तिथून टॅक्सीने वीसेक मिनिटांवर होशितोगेची भातखाचरं. लहानमोठी सुमारे २०० खाचरं डोंगरावरून खाली उतरतात. पहाटे जा, म्हणजे खरंच पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, दरीत धुकं असेल तर ढगांवर आरसे ठेवल्यासारखं दिसतं. पाणी साठलेलं बघायचं तर बर्फ वितळल्यापासून लावणीपर्यंत, नाहीतर कापणीनंतर नोव्हेंबरमध्ये. इथे बस येत नाही, टॅक्सी आदल्या संध्याकाळीच हॉटेलवाल्यांना सांगून ठरवा. आणि कृपा करून बांधावर उतरू नका, फोटोसाठी तर नाहीच. त्या माणसांची शेतं आहेत ती, एक बांध फुटला की खालच्या खाचरांचं पाणी जातं, आपल्याकडे कोकणात ज्यांची भातशेती आहे त्यांना हे सांगायला नको.

आता ती मराठी माणसाची गोष्ट. तोकामाची गावाबाहेर ओइके भागात डोंगरावर, तळ्याच्या बाजूला, बंद पडलेल्या शाळेत मिथिला म्युझियम आहे. हासेगावा तोकिओ यांनी १९८२ मध्ये ते उभं केलं. नाव मिथिला असलं तरी मधुबनीबरोबर आपली वारली चित्रंही आहेत, डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची कामंसुद्धा. मधुबनी चित्रकार गंगादेवींसारखे कलाकार इथे येऊन राहिले आणि इथेच बसून चित्रं काढली. गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम २००१ मध्ये इथे असतानाच गेले, ते माहीत असलं की त्या जागेत पाऊल जरा हळूच पडतं. २००४ च्या मोठ्या भूकंपात या भागाबरोबर म्युझियमचंही नुकसान झालं, तरी त्यांनी ते पुन्हा उघडलं.

वारली चित्राच्या अगदी जवळ जाऊन बघा. बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला, त्यामुळे रेघ कुठे जाड कुठे तुटक, आणि पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ. बाहेर पडलं की समोर भाताचाच प्रदेश. कुणीतरी जपानी माणूस चाळीस वर्षांपूर्वी ठरवतो की हे काम जपून ठेवण्यासारखं आहे आणि बर्फातल्या डोंगरावर ठेवतो, मला त्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. पालघर-डहाणूच्या पोरांना हे माहीत असायला हवं असं राहून राहून वाटलं. जाण्याआधी उघडं आहे का याची चौकशी नक्की करा, थंडीत बंद असतं, आणि तिथे जायला टॅक्सीच लागते.

खाण्याचं. इथला हेगी-सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स, खायलाच हवा. लाकडी चौकोनी तबकात गार नूडल्सच्या छोट्या छोट्या लडी ओळीने मांडून देतात, दोघा-तिघांनी एकातून खायचं. पिठात फुनोरी नावाचं समुद्री शेवाळ घालतात, तेच शेवाळ इथले विणकर किमोनोच्या सुताला खळ म्हणून वापरायचे, तिथून ते स्वयंपाकात आलं. त्यामुळे नूडल हिरवट, गुळगुळीत आणि चांगली चिवट होते. गावातलं कोजिमाया १९२२ पासून चालू आहे. सोबत माइताके मशरूमचा टेम्पुरा, म्हणजे तिथली भजी, घ्या. शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवा, सोबा बुडवायच्या पाण्यात सुक्या माशाचा अर्क असतोच असतो, म्हणून कडक शाकाहारी असाल तर स्वतःचा सोया सॉस जवळ ठेवा. कोशिहिकारी तांदूळ मात्र इथला जपानात सर्वात नावाजलेला, नुसता भात आणि लोणचं खाल्लं तरी जेवण झाल्यासारखं वाटतं. सासा-दांगो पण घ्या, बांबूच्या पानात बांधून वाफवलेला हिरवा लाडू, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड सारण, आपल्या पातोळ्यांच्या जवळचा प्रकार, आणि शाकाहारी.

राहायला मात्सुनोयामा ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. कुसात्सु आणि आरिमाबरोबर जपानच्या तीन मोठ्या औषधी झऱ्यांत धरतात. पाणी खारट आहे, सुमारे एक कोटी वीस लाख वर्षांपूर्वीचं समुद्राचं पाणी जमिनीत अडकलंय म्हणतात, आणि वास औषधासारखा. खूप कढत असतं, पहिल्यांदा पाच मिनिटांत बाहेर या. मात्सुदाईहून बस आहे पण दिवसात मोजक्याच, परतीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा.

गाडी चालवणार असाल तर आरटीओचं इंटरनॅशनल परमिट जपानमध्ये चालतं, आणि या भागात गाडी असेल तर सगळं फार सोपं होतं, रस्ते अरुंद आहेत तेवढं. हिवाळ्यात मात्र गाडी नकोच, दोन-तीन मीटर बर्फ पडतो, बर्फ वितळवायला रस्त्याच्या मधोमध फवारे लावून भूजल सोडतात त्याने रस्ते गंजासारखे तांबडे झालेले दिसतात. फेब्रुवारीत इथला बर्फ-महोत्सव असतो, १९५० पासूनचा. आणि १५ जानेवारीला मात्सुनोयामात नव्या जावयांना उचलून बर्फाच्या उतारावरून खाली फेकतात, तीनशे वर्षांची प्रथा आहे, आपल्या अधिक महिन्यातल्या वाणाच्या अगदी उलट! त्या दिवसात जायचं तर खोली दोन-तीन महिने आधी बुक करा. कलाकृती बघायच्या असतील तर मंगळवार-बुधवार टाळा, त्या दिवशी बरीच ठिकाणं बंद असतात.